रोल केलेल्या डुप्लेक्स पत्र्यातलं फेराइट मोजताना

गोव्यातल्या वेर्ण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत २२०५ डुप्लेक्स स्टेनलेसचा, म्हणजे दोन प्रकारची स्फटिकरचना एकत्र असलेल्या पोलादाचा, रोल केलेला पत्रा आला. फेराइट आणि ऑस्टेनाइट हे त्यातले दोन प्रकार साधारण निम्मे-निम्मे असायला हवेत. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये स्फटिकातल्या प्रत्येक प्रतलाचं (२००, २२० अशा आकड्यांनी ओळखलं जाणारं) एक शिखर आलेखावर दिसतं; दोन्ही प्रकारांच्या एकेका शिखराची तीव्रता ताडून प्रमाण काढतात. इथे मात्र प्रत्येक शिखरजोडीचं उत्तर वेगळं. फेराइटचं २०० धरलं की फेराइट भरमसाट, ऑस्टेनाइटचं २२० धरलं की बाजू उलटते. मशीन ठीकच होतं. रोलिंगमध्ये स्फटिकांचे कण ठरावीक दिशांना वळतात (यालाच टेक्स्चर म्हणतात), म्हणून काही शिखरं फुगतात नि काही दबतात. एक्स-रेने ऑस्टेनाइट मोजण्याची एएसटीएम ई९७५ ही प्रमाण पद्धत मुळात कणांच्या जवळपास यादृच्छिक मांडणीसाठीच आहे.

आधी नमुना घासून वर इलेक्ट्रोपॉलिश केलं (विजेने वरचा पातळ थर विरघळवला), कारण घासल्याने वरचा थर बिघडतो. मग ऑस्टेनाइटची १११, २००, २२०, ३११ आणि फेराइटची ११०, २००, २११ अशी सगळी शिखरं घेतली. नमुना गरगर फिरवत शून्यापासून ६० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने कलता केला. खरी मेख बेरजेत होती: प्रत्येक कलाच्या तीव्रतेला त्या कोनाच्या साइनने गुणावं लागतं, कारण सगळ्या दिशा एका गोलावर मांडल्या तर जास्त कलावर त्या गोलाचा मोठा पट्टा येतो. नुसती सरासरी काढली तर कमी कलाच्या दिशांनाच फाजील भाव मिळतो. कल वाढला की किरण पसरून तीव्रता घटते, ती दुरुस्ती टेक्स्चर नसलेल्या पावडरवरून घेतली.

आता सगळ्या जोड्यांची उत्तरं जवळजवळ आली. "पण सर, सूक्ष्मदर्शक काय म्हणतो?" सहकाऱ्याने विचारलं. रास्त शंका. एचिंग करून (रसायनाने दोन्ही प्रकार वेगळे दिसतील असं करून) एएसटीएम ई५६२ प्रमाणे सूक्ष्मदर्शकाखाली जाळीचे किती बिंदू फेराइटवर पडतात ते मोजले, तेही जुळले. एक्स-रेच्या या पद्धतीला वेळ मात्र बक्कळ जातो; घाईचं काम असेल तर मी सरळ बिंदूच मोजेन.