तुंगनाथ-चंद्रशिला ट्रेक : नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि चंद्रशिलाचं टोक जवळपास ३,७०० मीटरवर, म्हणजे शरीराला केवढी उडी मारायला सांगून राहिलो आपण ते आधी पाहा. उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथचं शिवमंदिर साडेतीन-चार किलोमीटर, त्याच्या वर चंद्रशिला दीडेक, मंदिरापर्यंत फरसबंद वाट, म्हणून पोट्टे म्हणतात हे तर सेमिनरी हिल्ससारखंच, सकाळी चढू दुपारी उतरू. असं करू नका. इथं हळू चालायचं, दमासाठी पण आणि जनावरं दिसावी म्हणून पण.

तयारी दोन महिने आधीपासून. आपलं शहर सपाट, त्यामुळं फुटाळ्यावर फिरून पाय तयार होत नाहीत, पाठीवर बॅग घेऊन बिल्डिंगचे जिने चढा-उतरा आणि सुट्टीच्या दिवशी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच तिकीट काढा. सीझन म्हणाल तर एप्रिल शेवट ते मे, नाहीतर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, टाळाच.

दिल्ली, हरिद्वार, ऋषिकेश, रुद्रप्रयाग करत ऊखीमठला पोचा आणि तिथंच झोपा, उंची साधारण १,३०० मीटर. दुसऱ्या दिवशी सारी गावातून देवरिया ताल या तळ्यापर्यंत चढून या, मग चोपता, ते २,७०० च्या आसपास आहे. ऋषिकेशहून थेट चोपत्याला जाऊन रात्री झोपायचं आणि पहाटे चढायचं, यानं डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. असं झालं तर वर जायचंच नाही, दम खा, पाणी प्या. बसल्याजागी धाप लागली, किंवा माणूस सरळ रेषेत चालताना झोकांड्या देऊ लागला तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली आणा, उतरणं हाच खरा उपचार. उंचीच्या त्रासावरच्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या मित्रानं दिल्या म्हणून घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरला आधी तसं सांगा.

आता जनावरांचं. हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा, १९७२ मध्ये मुख्यतः कस्तुरीमृगासाठी केलेला, ९७५ चौरस किलोमीटर. ताडोब्यात आपण जिप्सीत असतो, इथं पायी, फरक एवढाच पण खूप मोठा. कॉल, म्हणजे जनावरांचे धोक्याचे आवाज, ऐकायची सवय मात्र इथंही कामी येते, वानरं एकदम ओरडायला लागली किंवा भेकर भुंकलं तर थांबा, बिबट्या जवळपास असू शकतो. मोनाल पक्षी पाहायचा तर उजाडतानाच निघा, झाडं संपतात तिथल्या गवताच्या उतारावर तो चोचीनं कंद उकरत असतो, नराच्या पाठीवर ऊन पडलं की हिरवा, निळा, तांबूस असे रंग उठतात, बघतच राहावं असं पाखरू आहे ते. मागं धावू नका, बसून राहा, तोच चरत चरत जवळ येईल. वरच्या कड्यांवर थार दिसतात, आयाळवाले जंगली बोकडच म्हणा, पण ते बरोबर डोक्यावर असतील तर खाली उभं राहून फोटो काढू नका, त्यांच्या खुरानं दगड सुटतात.

अस्वल खालच्या बांज-बुरांसच्या (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलात असतं, काळं हिमालयी अस्वल. आपल्याकडं मोहफुलाच्या दिवसात गावकरी जशी काळजी घेतात तशीच घ्या, पहाटे-संध्याकाळी एकट्यानं जंगलात नाही, वळणावर बोलत चला. समोर आलंच तर पळू नका, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरा, पिल्लू दिसलं तर अजून सावध. अंगावर आलंच तर चेहरा आणि मान हातानं झाका. मेंढ्यांच्या कळपापासून पण लांब राहा, राखणीचे भोटिया कुत्रे अनोळखी माणसाला सोडत नाहीत.

कपडे थरावर थर, सुती बनियन नको, घामानं ओलं राहून अंग गारठतं. बर्फ असेल तर गॉगल पाहिजेच. खायला चिवडा, चिक्की न्या पण एक दाणाही जनावराला टाकू नका, रॅपर बॅगेतच परत आणा. दुपारी ढग भरून येतात आणि डोंगराच्या उघड्या धारेवर विजेचा धोका असतो, म्हणून दहा-अकराच्या आत चंद्रशिला सोडून उतरायला लागा, फोटो राहिले तरी.