गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका: टायर बदलणारा रोबोट वापरताना या चुका टाळा

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईतलं तुर्भे-महापे, टायर बदलायला रोबोट बसवायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: "एका गाडीला किती मिनिटं?" लिफ्टवर चढलेल्या गाडीचं चाक जागेवर राहतं का, हे कोणी विचारत नाही. मग पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं.

चाक न धरता नट सोडवणं

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना लागतो. पुढची दोन्ही चाकं हवेत असतील तर पहिला गिअर टाकूनही ती थांबत नाहीत, कारण एक चाक पुढे फिरलं की डिफरेन्शियल (दोन चाकांमधला गिअरसंच) दुसऱ्याला उलटं फिरू देतं. मेकॅनिक पाना मारताना टायरला गुडघा लावतो, त्यामुळे त्याच्या हे लक्षातही येत नाही. रोबोट मात्र सुरुवातीला एकदा फोटो घेतो, पाचही नटांच्या जागा टिपतो आणि त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पहिला नट सोडवताना चाक 10 अंश फिरलं, तर 114.3 मिलिमीटर पीसीडीच्या (नटांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) रिमवर बाकीचे नट सुमारे 10 मिलिमीटर सरकतात. पुढचं सॉकेट थेट अलॉयवर आपटतं.

तुर्भ्याच्या एका शेडमध्ये यात तीन दिवस गेले. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा झालं, लेन्स बदलली, दोन दिवे वाढवले. मागची चाकं सुरळीत निघत होती, चरे फक्त पुढच्या रिमवर पडत होते. एवढी उघड खूण समोर असून कोणी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण सगळे लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. शेवटी अलाइनमेंटवाल्या पोराने त्याची ब्रेक पेडल दाबायची काठी आणून सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवली. काम तिथेच मिटलं.

तेव्हा ही काठी रोबोटच्या कामाच्या जागी कायम टांगलेली हवी. बटणवाल्या गाडीची चावी मात्र गाडीपासून लांब ठेवा. पेडल दाबलेलं असताना कोणी बटण दाबलं तर गाडी लिफ्टवरच सुरू व्हायची. गाडी उचलली की सस्पेन्शन सुटून चाक खाली लोंबतं, म्हणून जमिनीवर घेतलेला फोटो वर गेल्यावर निरुपयोगी. आणि दर नटानंतर पुन्हा फोटो घ्या. दोन सेकंद जातात, जाऊ द्या.

आकडा हिरवा दिसला म्हणजे नट बसला, असं मानणं

आटे ओलांडून तिरका चढलेला नटही 110 न्यूटन मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) दाखवतो. फक्त तो रिम धरत नाही. घाई असलेले नवशिके इथे हमखास फसतात, कारण नट पहिल्यापासून पूर्ण वेगात फिरवला की एका चाकामागे काही सेकंद वाचतात. त्या बदल्यात स्टड (नट चढतो तो आट्यांचा दांडा) जातो, कधी हबही (चाक बसतं तो भाग).

नट स्टडवर टेकवा आणि आधी एक फेरा उलटा फिरवा. आटा जुळला की नट किंचित खाली बसतो, आणि रोबोटच्या मनगटातल्या फोर्स सेन्सरला ते कळतं. मग सुलट तीन फेरे अगदी सावकाश, 5 न्यूटन मीटरच्या मर्यादेत. त्याआधीच अडला तर मशीनने नट उलटा काढून माणसाला हाक मारायची, जोर करायचा नाही. तीन फेरे सुरळीत गेले तरच वेग वाढवा. प्रत्येक मॉडेलला नट बसेपर्यंत किती फेरे लागतात ते एकदा मोजून प्रोग्रॅममध्ये भरा. नेहमी आठ लागत असताना चौथ्यातच टॉर्क आला, तर तो नट नापास.

आवळताना क्रम चांदणीसारखा, लिफ्टवर असताना अर्ध्या टॉर्कपर्यंतच. शेवटचा टॉर्क गाडी खाली उतरवून, कॅलिब्रेट केलेल्या हातपान्याने. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना 108, स्कोडा-फोक्सवॅगनला 120, ह्युंदाईला 107 ते 127 न्यूटन मीटर. सगळ्यांना एकच आकडा लावून मोकळं होणं हा निव्वळ आळस आहे. स्टडवर तेल लावायची खोडही सोडा: घर्षण घटतं, त्याच टॉर्कला ताण जास्त येतो आणि स्टड लांबतो.

बाकीच्या, थोडक्यात

स्कोडा-फोक्सवॅगनला नट नसतात, बोल्ट असतात. शेवटचा बोल्ट निघाला की चाकाला आधार म्हणून फक्त हबचा उंचवटा उरतो. आधी एक बोल्ट काढून तिथे गाइड पिन लावा.

खाडीकाठच्या दमट हवेत रिम हबला गंजाने चिकटतो, पावसाळ्यात तर हमखास. ग्रिपर ओढत राहिला तर लिफ्टवरची गाडीच सरकेल. ओढण्याची मर्यादा कमी ठेवा, न निघाल्यास मशीन थांबवा आणि टायरच्या बाजूवर रबरी हातोडा मारा. परत बसवण्याआधी हबची रिमला टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने घासा.

रोबोटची 20 किलोची क्षमता ग्रिपरसकट मोजलेली असते. एसयूव्हीचं चाकच 25 किलोच्या घरात जातं, मग उरलं काय? शिवाय 120 न्यूटन मीटरचा उलटा झटका मनगटावर येऊ द्यायचा नाही. तो रिअॅक्शन बारवर (उलटा जोर पेलणाऱ्या दांड्यावर) घ्या.

कळंबोलीच्या ट्रकवाल्यांसाठी हा रोबोट नाही. तिथली चाकं रिमसकट शंभर किलोच्या आसपास असतात.

टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण रोबोट वाचेलच, हे गृहीत धरू नका. चाक काढतानाच खडूने डावं-उजवं लिहा.

सेफ्टीच्या लाइट कर्टनवर (माणूस आड आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) चिकटपट्टी लावणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवा. कर्टन उगाच ट्रिप होत असेल तर आधी काचेवरची ओली धूळ मऊ कापडाने पुसा, मग ब्रॅकेटचे स्क्रू बघा. कॉम्प्रेसरच्या थरथरीने ते सैल होतात.