कोकणातून कॉमिक कॉनला जाताय? कॉस्प्लेमधल्या या चुका टाळा

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांचं संमेलन (कन्व्हेन्शन, थोडक्यात कॉन), आणि आवडत्या कॅरेक्टरचा वेश करून तिथे जाणं म्हणजे कॉस्प्ले. त्याचे व्हिडिओ बघून कॉस्च्यूम करायला घेतलात तर एक लक्षात ठेवा, तो व्हिडिओवाला कोरड्या हवेत बसलाय आणि त्याचं कन्व्हेन्शन गाडीने अर्ध्या तासावर आहे. आपण बसलोय कुडाळ-मालवणात, मीठसुद्धा ओलं होतं अशा हवेत, आणि कॉन मुंबईत, म्हणजे रात्रभर रेल्वे, मग लोकल, मग गेटवरची रांग. त्यामुळे आपल्याकडचे कॉस्च्यूम हॉलमध्ये क्वचितच बिघडतात, ते बिघडलेले असतात त्याच्या कितीतरी आधी, एकतर घरी गोंद लावताना नाहीतर कोकणकन्येच्या बर्थखाली.

गोंद सुटतोय?

चिलखत, खांद्याचे पॅड, हेल्मेट हे सगळं हल्ली ईव्हीए फोमचं करतात, जिममधल्या जाड मॅटचाच प्रकार तो. त्याला फेविकॉलचं एसआर लागतं, साधं पांढरं फेविकॉल चालत नाही. नेहमीची चूक म्हणजे एकाच बाजूला भरपूर थापायचं आणि लगेच दाबून धरायचं, मग हात सोडला की तुकडा गळून पडतो आणि दोष गोंदाला. दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा, दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं, बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला काही येणार नाही अशी वेळ आली की मगच जोडायचं. आणि जोडताना नीट नेम धरून, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही.

आता पावसाळ्यात हे सगळं बरोबर करूनही सांधे सुटतात. त्याचं कारण असं की एसआरमधलं सॉल्व्हंट, म्हणजे गोंद पातळ ठेवणारं द्रव, उडताना वरचा थर गार पडतो आणि आपल्या दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर येऊन बसतं, दिसत काही नाही पण पकड मार खाते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पॅटर्न काढा, फोम कापा, कडा घासा, शिवणकाम उरकून घ्या, गोंद आणि रंग मात्र पाऊस उघडल्यावर. अगदीच घाई असेल तर गोंद लावायच्या आधी फोमच्या कडा हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) कोमट करून घ्या, अर्थात लाईट असेल तर. आधीच बरं का, ओल्या एसआरवर हीट गन धरली तर भडका उडू शकतो. आणि पाऊस आत येतो म्हणून सगळ्या खिडक्या लावून त्या वासात तासन्‌तास बसू नका, डोकं धरतं, पडवीत बसून करा.

दुसरा घोळ थर्माकोलचा. मासळीच्या पेट्या बंदरावर सहज मिळतात म्हणून लोक त्यातून ढाली-हेल्मेट कोरतात, कोरतात पण सुंदर, आणि वर मारतात स्प्रे पेंट. बघता बघता भोकं पडतात. एसआर, फेविक्विक, स्प्रे पेंट, तिन्ही थर्माकोलला खातात. आधी पांढऱ्या फेविकॉलने वर्तमानपत्राचे दोन-तीन थर चढवा, पूर्ण वाळू द्या, मग रंग, तोही पाण्यात विरघळणारा. 2018 च्या बंदीआधी थर्माकोलची मखरं करणारे हात प्रत्येक वाडीत आहेत, त्यांना विचारा, ते तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगतील. फक्त गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती बनवतात तिथे, काम चालू असताना जाऊ नका, तिथे तेव्हा कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

जाता जाता, फेविक्विक सुती कपड्यावर सांडलं तर ते एकदम तापतं आणि खालच्या कातडीला चटका बसतो. अंगावर कपडे असताना दुरुस्ती करायची तर सेफ्टी पिन आणि काळी टेप वापरा.

रेल्वे आधी, विग नंतर

कॉनची तारीख जाहीर झाली रे झाली की लोक कॅरेक्टर ठरवत बसतात. आधी तिकीट काढा. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, आणि तारीख शिमग्याच्या किंवा मे महिन्याच्या जवळपास असेल तर कोकणकन्या, तुतारी, मांडवी सगळीकडे वेटिंग, मग जनरलच्या गर्दीत कॉस्च्यूमचे पंख कसे न्यायचे हा प्रश्न. कॉनचा पाससुद्धा अधिकृत साईटवरूनच घ्या, ग्रुपवर कोणीतरी अर्ध्या किमतीत देतोय म्हणून पैसे पाठवू नका.

सहा फुटी भाला एका तुकड्यात बनवणारे तर दरवेळी दिसतात. घरातल्या भिंतीला टेकवून ठेवलेला लई भारी दिसतो, पण दादरला उतरून लोकलमध्ये चढताना त्याचं काय होणार? पीव्हीसी पाईपचे तीन तुकडे, मध्ये कपलर (पाईप जोडायचा तुकडा), वर रंग, हॉलबाहेर जोडायचा, संपलं. पंख असतील तर बिजागरी नाहीतर चुंबक. खरं धातूचं पातं नकोच, बहुतेक कॉनमध्ये दारातच प्रॉप (हातातली शस्त्रं वगैरे) तपासतात आणि काढून ठेवतात, शिवाय स्टेशनवर पोलिसांनी बॅग उघडायला लावली तर समजावता समजावता गाडी जायची. बंदुकीसारखं काही असेल तर ते बॅगेच्या आत, प्लॅटफॉर्मवर हातात घेऊन रील करायचा मोह आवरा.

याबाबतीत खरं शिकायचं असेल तर दशावतारी मंडळींकडे बघा. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, रात्रभर नाटक, आणि सगळा संसार पेटाऱ्यात. जे पेटाऱ्यात बसत नाही ते रंगमंचावर येत नाही. मुकुट, भुजबंद सगळं वेगवेगळं सुटं, बांधायला नाड्या, आणि बाईची भूमिका करणाऱ्याचा काष्टा पहाटेपर्यंत हलत नाही. जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी रंग लावत बसलेले असतात तेव्हा परवानगी विचारून जरा वेळ बघत बसा, घामाने मेकअप ओघळू नये म्हणून पावडर कशी थापतात ते बघा. मुंबईच्या रांगेत तेच कामाला येतं.

घालून बघितलाच नाही

म्हणजे आरशासमोर दोन मिनिटं बघितला, फोटो काढला, झालं. तसं नको. भर दुपारी घालून दोन तास घरात वावरा, जमिनीवर बसून उठा, जिना चढा, पाणी प्या, जेवून बघा. आणि एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय, संडासला जाऊन या. पाठीत चेन असलेला बॉडीसूट, त्यावर चिलखत, त्यावर पट्टे, आणि ही गोष्ट हॉलमध्ये गेल्यावर आठवते, मग लोक दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि चक्कर येऊन बसतात. आजी म्हणेलच, "ह्या काय सोंग घेतलंस रे?" म्हणू दे, तिच्यासमोर दोन तास टिकलं तर कुठेही टिकेल.

विगचं थोडक्यात सांगतो. साधा सिंथेटिक विग स्ट्रेटनरने सरळ करायला गेलात तर वितळतो, पाकिटावर हीट रेझिस्टंट लिहिलंय का बघा. प्रवासात सैल वेणी घालून जाळीत ठेवा. रंगीत लेन्स डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवूनच, आणि दुसऱ्याच्या लेन्स कधीच नाही. कॅरेक्टर काळंसावळं आहे म्हणून तोंडाला काळं फासायची गरज नसते, कपड्यांवरून ओळखतात लोक.

फोटो

कोणाचाही फोटो विचारून काढा, हात तर न विचारता लावूच नका, न विगला न कमरेला. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने 2014 मध्ये कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे असे बोर्डच लावले होते, आपल्याकडे बोर्ड असो नसो, नियम तोच. स्वतःचे फोटो टाकताना ज्यांनी शिवलं, रंगवलं त्यांचं नाव टाका, मामीने रात्री जागून शिलाई मारलेली असते आणि खाली फक्त कॅमेऱ्यावाल्याचा टॅग. 1939 साली न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा चाहता भविष्यातला पोशाख घालून गेला, गाजला तोच, पण तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लसने, आणि ती स्वतःसुद्धा तसलाच घालून सोबत होती. हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही.

गावी परत आल्यावर बीचवर शूट करायची हौस सगळ्यांनाच असते, तारकर्ली, देवबाग, भोगवे काय एकेक जागा आहेत. पण तिथी बघून जा. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, आणि फोम तरंगतो, वाळूवर काढून ठेवलेलं चिलखत एका लाटेत गेलं की गेलं. सिंधुदुर्ग किल्ल्यात जायचं असेल तर तिथे शिवराजेश्वराचं मंदिर आहे, लोक दर्शनाला येतात, तिथे मास्क घालून पोझ देऊ नका, आणि ट्रायपॉड वगैरे नेणार असाल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी विचारा.

घरी आलं की खाऱ्या हवेत फिरलेलं सगळं गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, एलईडीच्या बॅटऱ्या काढून ठेवा नाहीतर गंज चढतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, पहिल्याच पावसात विगला बुरशी. जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि मधे एखाद्या उन्हाच्या दिवशी बाहेर काढून सावलीत पसरा. कडक उन्हात नको, फोम वाकडा होतो.