अंदमानला निघालात? खान्देशातून जाणाऱ्यांनी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची मंडळी अंदमानला निघतात ती बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर मे महिन्यात. दिवाळीचं एकवेळ जमतं, फक्त बंगालच्या उपसागरात वादळ उठलंय का तेवढं बघून निघायचं. मे मात्र जपून. आपण जूनमध्ये कपाशीचं बियाणं घरात आणून ज्या पावसाची वाट बघतो, तो अंदमानात मेच्या उत्तरार्धातच येऊन थडकतो. मग समुद्र खवळतो, फेरीबोटी रद्द होतात, पाणी गढूळ होतं आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले ती प्रवाळं दिसतच नाहीत. मुलांच्या सुट्टीमुळे मेच हवा असेल, तर पहिल्या आठवड्यात उरका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घड्याळामुळे. अंदमान आपल्यापासून पूर्वेला खूप दूर, पण वेळ तीच भारतीय. दिवाळीच्या सुमारास तिथे पाचच्या आतबाहेरच सूर्य बुडतो, म्हणजे जळगावपेक्षा पाऊण तास तरी आधी. आपल्या सवयीने दुपारी दोनला जेवायचं, मग जरा पाठ टेकायची आणि साडेचारला चहा घेऊन निघायचं. असं केलंत तर हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार. जेट्टीपासून हा किनारा दहा-बारा किलोमीटर आहे. तीनलाच तिथे असा. त्या बदल्यात पहाट लवकर होते, तेव्हा तिथल्याच काला पत्थर किनाऱ्यावरचा सूर्योदय बघायचा तर पाचच्या आधीची रिक्षा सांगून ठेवा.

दुसरं घड्याळ भरती-ओहोटीचं, आणि ते कोणीच बघत नाही. नील बेटावरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीला बघायचा असतो. तेव्हा खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्री काकडी, खेकडे, छोटे मासे दिसतात. तिथल्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं तर पाणी भरलेलं, म्हणजे भरती लागते. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्याने सांगितलेली वेळ तुम्हाला उपयोगी नाही. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा. आणि खडकावर चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल घाला.

बुकिंग करताना नावांनी गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं 2018 ची. 2024 पासून पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालंय. एकच बेट दोनदा प्लॅनमध्ये घातलेली माणसं आहेत.

परतीच्या विमानाच्या दिवशीच हॅवलॉकहून फेरीबोटीने यायचं, हा प्लॅन कागदावर छान दिसतो. बोट रद्द झाली की विमान गेलं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सेल्युलर जेलही त्याच मुक्कामात नीट होतं. बरेच जण सावरकरांच्या कोठडीत फोटो काढून निघतात. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात, आणि गच्चीवरून समुद्र बघितला की तुरुंगासाठी हीच जागा का निवडली ते कळतं. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली डायव्ह, केलं असेल तरीही ही रात्र कामी येते, कारण डायव्हनंतर निदान 18 तास, जमल्यास पूर्ण दिवस, विमानात बसायचं नसतं. दमा किंवा बीपी असेल तर डायव्हच्या आधी भरायच्या फॉर्मवर लपवू नका.

आता पाण्याचं. विहिरीत सूर मारत मोठा झालेला माणूस समुद्रात जरा जास्तच निर्धास्त असतो. पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडे हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाहेर पडा, मग वळा. मगरींच्या सूचनेचा फलक असेल तर तो शोभेसाठी लावलेला नाही.

स्नॉर्केलिंगचा, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगून खाली बघायचा, मास्क गळतो अशी तक्रार निम्म्या नाना-आबांची असते. कारण मिशी. मास्कची कड मिशीवर बसली की पाणी शिरणारच. पट्टा आवळून उपयोग नाही, उलट कड दुमडते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बसला. नाही राहिला तर दुसरा मागा, किंवा मिशीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळून विसळा. किळस वाटेल, पण सगळे तेच करतात.

आणि “भुसावळच्या उन्हात वाढलोय, मला काय होतंय” हे तिथे चालत नाही. पाण्यावर पालथं तरंगताना ऊन जाणवतच नाही, रात्री पाठ भाजल्यावर कळतं. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून उतरा. बोट लागणाऱ्यांनी गोळी चढण्याआधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. ठेचा-कळण्याची भाकरी बोटीच्या सकाळी तरी नको.

बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबणं, फोटो काढणं, बिस्किटं देणं, सगळ्याला कायद्याने बंदी आहे. ड्रायव्हरला पैशाचं आमिष दाखवू नका, गुन्हा तुमच्यावरही लागतो.

किनाऱ्यावरचे शंख आणि मेलेली प्रवाळं पिशवीत भरू नका. विमानतळावर सामान तपासताना ती निघतात, आणि प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शंख-शिंपल्याची वस्तू घ्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.