नवा डेस्कटॉप घेताय? आधी घरातला प्लग बघा, आणि या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरातल्या मानेवाड्याहून एका काकूंचा फोन आला. "अरे, नव्या कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येऊन राहिल्या. दुकानदार म्हणतो, कॅबिनेट बदलून देतो." घरी जाऊन कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर दिवा लागला. कॅबिनेटमध्ये काहीच खोट नव्हती. भिंतीवरच्या बोर्डाचं झाकण उघडलं तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर दिसली. ती सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनेला जोडायची राहून गेली होती आणि मागे दुमडून ठेवली होती. पंचेचाळीस हजारांचा संगणक घरात आला होता, पण दहा मिनिटांचं वायरमनचं काम कुणी केलं नव्हतं.

असं का होतं ते समजून घ्या, कारण हा दोष मला सगळ्यात जास्त घरांत दिसतो. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, फिल्टरसाठी लहान कपॅसिटर असतात. त्यांचं एक टोक फेज आणि न्यूट्रलला, तर दुसरं लोखंडी पेटीला जोडलेलं असतं. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पेटीवर घरच्या विजेच्या साधारण निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. प्रवाह अगदी कमी असल्याने माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण टीव्हीची एचडीएमआय केबल चालू संगणकात खुपसताना हेच व्होल्टेज पोर्ट जाळू शकतं. अशाने नव्या टीव्हीचा पोर्ट गेलेलं घर मी पाहिलं आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कमजोर झालेलं असतं. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. संगणक घरी यायच्या आधी वायरमनला बोलावून मल्टीमीटरने सॉकेट तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसायला हवं जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतं, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर नको. तीन पिनेच्या प्लगची मोठी पिन कापून टू-पिन सॉकेटमध्ये घालणं हा तर सरळ सरळ धोका आहे. कुणी तसं सुचवलं तर ऐकू नका.

"आय-फाइव्ह आहे ना, मग झालं!"

बर्डीच्या बाजारात कुठल्याही दुकानात शिरा, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच असतो. पण आय-५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव २००९ पासून चालत आलं आहे. २०१२ चा आय५-३४७० हाही आय-५च आहे, आणि २०२२ चा साधा आय३-१२१०० त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. म्हणून पूर्ण नंबर विचारा. इंटेलच्या या नावांत शेवटचे तीन आकडे सोडून आधी जे उरतं ती पिढी: ३४७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. इंटेलच्या अगदी नव्या 'कोअर अल्ट्रा' नावांना हा हिशोब लागू होत नाही, तिथे दुकानदाराला वर्ष विचारा.

ऑफिसांमधून निघालेले जुने संगणक पुसून-पासून 'आय-५, १६ जीबी, एसएसडी' अशी पाटी लावून विकायला ठेवतात. ते सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असलेल्या मशीनवरच चालतं. चौथ्या पिढीच्या मशीनवर कुणी युक्तीने विंडोज ११ टाकून देत असेल, तर पुढचे अपडेट नीट येतील याची खात्री तो देऊ शकत नाही. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार, तिथे ही जोखीम घेऊ नका.

सिनेमे, यूट्यूब, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ यांसाठी घेत असाल तर पिढीला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती बदलत जातात. आजचे अनेक मोबाइल एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात, यूट्यूब व्हीपी९ आणि एव्ही१ वापरतं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ती पद्धत उलगडता येत असेल तर ४के व्हिडिओ शांतपणे चालतो. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा किंचाळायला लागतो आणि चित्र अडकतं. डेस्कटॉपमध्ये इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीचं अंगचं ग्राफिक्स सहसा एव्ही१ सांभाळतं. एएमडीचा लोकप्रिय रायझन ५ ५६००जी ते करत नाही, रायझन ७००० मालिकेतलं अंगचं ग्राफिक्स करतं.

व्हिडिओ अडकतोय अशी तक्रार असेल तर तो चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा आणि 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख बघा. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांजवळ असेल, तर दोष इंटरनेटचा नाही.

नावामागची अक्षरंही वाचा. इंटेलच्या नंबराशेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि घरी आल्यावर स्क्रीन काळीच, असं होतं. रायझन ५००० मालिकेत उलट आहे: शेवटच्या अक्षरांत 'जी' असेल तरच ग्राफिक्स. घरगुती कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मुलगा पुढे गेम खेळेल म्हणून आजच घेऊ नका. खेळायला लागला की त्या वेळचं घ्या. कार्ड आधीच असेल आणि स्क्रीनवर काही येत नसेल तर पहिली गोष्ट ही बघा: एचडीएमआय केबल वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला लावली आहे की खालच्या कार्डाच्या? केबल कार्डालाच हवी. निम्म्या 'नो डिस्प्ले' तक्रारी तिथेच सुटतात. उरलेल्यांत रॅम काढून, तिचे सोनेरी टोक पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसून परत घट्ट बसवली की बऱ्याचदा काम होतं. अर्थात प्लग काढून.

नागपूरचा उन्हाळा हा संगणकाच्या खरेदीचा भाग आहे

मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पुण्याच्या माणसाने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढत असतं. खोली पंधरा अंशांनी तापली की आतलंही साधारण तेवढंच वर जातं. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून "दुपारी तीनला स्लो होतो, रात्री छान चालतो" असं कुणी सांगितलं की मी व्हायरस शोधत बसत नाही, आधी पंखा आणि धूळ बघतो.

त्यात आपल्या घरी कूलर. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर आत शिरणारी धूळ ओलसर होते आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर चिखलासारखी बसते. गेल्या वर्षी एक कॅबिनेट उघडलं तर पंख्याखाली करड्या नमद्यासारखा थर होता, बोटाने सोलून काढावा लागला. काढल्यावर दिसलं की पात्यांमधली फट पूर्ण बुजली होती. पंखा फिरत होता, पण हवा कुठूनच जात नव्हती. कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला ठेवा, जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवा आणि मागे भिंतीपासून चार बोटं तरी अंतर सोडा. मार्चमध्ये कूलरच्या ताट्या बदलता तेव्हाच संगणकही ब्लोअरने साफ करा. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने तो भन्नाट फिरला तर बिघडतो. ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरमध्येच सगळं बसवलेला संगणक, दिसायला सुंदर असतो; पण आत जागा कमी, गरम होतो आणि साफ करायला कठीण. ज्या खोलीत एसी नाही तिथे मी तो सुचवत नाही.

आता एसएमपीएस. 'कॅबिनेटसोबत फ्री' मिळणारा सप्लाय घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण आतला माल हलका असतो. तो जाताना अनेकदा बोर्ड आणि डिस्क सोबत घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती संगणक सहसा शंभर वॉटसुद्धा ओढत नाही, त्यामुळे मोठा आकडा नको, चांगला माल हवा. ८० प्लसचं चिन्ह (वीज कमी वाया जाते याची खूण), नावाजलेली कंपनी आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी बघा. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल, पण इथे पैसे वाचवू नका.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, घरच्या संगणकाला पुरतो. त्यातली लेड-ॲसिड बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाने बनलेली असते. त्यावर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. त्यामुळे यूपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका. लेझर प्रिंटर त्याच्यावर कधीही लावू नका, तापताना तो एकदम खूप वीज ओढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर लाइन गेल्यावर वीज यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडतो. आणि वळवाचा पाऊस विजा घेऊन आला की स्विच बंद करून थांबू नका, प्लग काढा.

रॅम आणि डिस्क यांबद्दल थोडक्यात. १६ जीबी घ्या, शक्यतो ८ च्या दोन पट्ट्या. अंगचं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, दोन पट्ट्यांनी त्याला रस्ता रुंद मिळतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, तेव्हा बजेटमध्ये बसत नसेल तर ८ ची एक घ्या, पण मोकळा स्लॉट असलेला बोर्ड घ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. विंडोज एसएसडीवरच हवं. फोटो-सिनेमे साठवायला वेगळी हार्ड डिस्क चालेल, पण फोटोंची दुसरी प्रत कॅबिनेटबाहेर ठेवा.

लोक विसरतात त्या बारीक गोष्टी

वाय-फाय. लॅपटॉपमध्ये असतं म्हणून डेस्कटॉपमध्ये असेलच असं नाही. स्वस्त मदरबोर्डवर ते नसतं, ब्लूटूथही नसतं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर आधीच विचारा.

४के टीव्हीला जोडायचा असेल तर बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट कुठला ते बघा. १.४ असेल तर ४के ला सेकंदाला ३०च चित्रं मिळतात, माऊस हलवताना ओढत ओढत येतो. २.० किंवा पुढचं असेल तर ६०. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील आणि अक्षरं फुटत असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टला 'पीसी' असं नाव द्या, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने नीट होतं. आवाज येत नसेल तर विंडोजमध्ये खाली उजवीकडच्या स्पीकरवर जाऊन टीव्ही निवडला आहे का पाहा. मॉनिटर घेत असाल तर २४ इंची आयपीएस, फुल एचडी पुरेसा आहे. २७ इंचांवर मात्र फुल एचडीची अक्षरं भरड दिसतात. स्पीकर आतच आहेत का ते विचारून घ्या.

आणि लग्नाच्या डीव्हीडी. त्या मानेवाड्याच्या काकूंनी हा संगणक घेतला तो मुळात त्यासाठीच. नव्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची जागाच नव्हती. यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह आणला, विंडोज स्वतः डीव्हीडी सिनेमा चालवत नाही म्हणून व्हीएलसी हा प्लेअर टाकला. एक डिस्क मध्येच अडकत होती, तिचं जमेल तेवढं उतरवून घेतलं. डीव्हीडी कायम टिकत नाहीत. ड्राइव्ह मिळताहेत तोवर तुमच्याही डिस्कवर उतरवून घ्या.

पैसे द्यायच्या आधी

विंडोज 'टाकून देतो' म्हणजे बहुधा लायसन्सशिवाय. एक तर लायसन्सचे पैसे वेगळे धरा, नाही तर लिनक्स मिंट टाकून घ्या, ते फुकट आणि कायदेशीर आहे. मराठी टायपिंग दोन्हींवर होतं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्टसोबत फोनेटिक कीबोर्डही मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

दुकानातच मशीन चालू करायला सांगा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम आणि किती स्लॉट वापरात आहेत ते स्वतः वाचा. जीएसटी बिलावर 'कॉम्प्युटर सेट १ नग' असं लिहून घेऊ नका. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांच्या वॉरंट्या वेगवेगळ्या मुदतीच्या असतात, म्हणून प्रत्येकाची ओळ वेगळी आणि समोर सिरियल नंबर हवा. बिलाचा तिथेच मोबाइलवर फोटो काढा, कारण थर्मल कागदावरची शाई आपल्या उन्हाळ्यात वर्षभरात उडून जाते. खोके निदान वॉरंटीभर फेकू नका.