सीबीडी आणि स्टेम सेल्सवर काम सुरू करताय? सीरमकडे आधी बघा

सेल कल्चर, पॅसेजिंग हे येतं असं धरून लिहितेय. २०१५ साली इस्रायलमधून पेपर आला, सीबीडी (गांजाच्या झाडातला, नशा न आणणारा घटक) दिलेल्या रॅट्सचं मोडलेलं मांडीचं हाड जास्त मजबूत जुळलं, आणि तो वाचून माझ्यासारखे बरेच जण या विषयात आले. विषय खरंच चांगला आहे, पण मेझेन्कायमल सेल्सवर (हाड किंवा चरबी बनू शकणाऱ्या स्टेम सेल्स) करायला घेतला की पहिला दणका सीरम, म्हणजे मीडियात घालतो तो रक्तद्रव, देतं.

सीबीडी तेलकट रेणू, पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकात घेऊन मीडियात टाकला की सीरममधल्या अल्ब्युमिन प्रोटीनला चिकटतो, थोडा प्लास्टिकलाही. म्हणजे १० टक्के सीरम असताना वहीत १० मायक्रोमोलर लिहिलं तरी सेलला मोकळा मिळतो त्यातला थोडाच. मग कोणीतरी सीरम कमी करतं, डोस तोच ठेवतं, मोकळा सीबीडी वाढतो, आणि सेल्स गोल होऊन सुटायला, मरायला लागतात. आता खरा घोळ बघा, मेलेल्या सेल्सवरही कॅल्शियम बसतं, डिफरन्सिएशन मीडियात (सेल्सना हाडाकडे वळवणारा) फॉस्फेट पुरवणारं बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असतंच, त्यामुळे २१ व्या दिवशी अ‍ॅलिझरिन रेड (कॅल्शियम लाल दाखवणारा रंग) टाकलं की वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, लालभडक! हाड तयार झालं असं वाटतं, आणि झालेलं काहीच नसतं. आमचे कित्येक महिने यात गेले, अजून आठवलं की जीव तुटतो.

म्हणून स्टेन करायच्या आधी वेल मायक्रोस्कोपखाली बघाच, कडेने थर सोलून निघालाय का, मीडियात एलडीएच (सेल फुटल्यावर बाहेर येणारं एन्झाइम) वाढलंय का. सातव्या दिवशीच्या आसपास एएलपी, सोबत रन्क्स२ आणि ऑस्टिओकॅल्सिन (तिन्ही हाड बनतंय का ते सांगणारे मार्कर) तपासा, आणि प्रत्येक प्लेटमध्ये तेवढंच डीएमएसओ असलेला कंट्रोल. ऑइल रेड ओ (चरबीचं स्टेन) पण करा, सीबीडी पीपार गॅमा या रिसेप्टरवर काम करतो आणि तो रस्ता चरबीकडे जातो.

नुसत्या एमटीटीवर (सेल्स जिवंत आहेत का ते बघणारी टेस्ट) पेपर काढायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. बाजारातलं हेम्प ऑइल तर प्लेटजवळ आणू नका, शुद्धतेचं सर्टिफिकेट असलेलंच कंपाउंड घ्या. आणि गाइड कितीही मोठा असो, रोज कल्चर हूडवर बसणारा सिनिअर जास्त कामाचा, त्याच्या शेजारी बसा.

घाबरू नका, आपल्याच सीरममध्ये डोस कर्व्ह नीट काढला की पुढचं बरंचसं सुटतं. टीएचसीवर (गांजातला नशा आणणारा घटक) काम करायचं असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, तेव्हा अर्जाचं आत्ताच विचारून ठेवा आणि तोवर सीबीडीचा कर्व्ह पूर्ण करा.