पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही

"पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी आत घेत नाही" असा फोन आला की मी आधी एवढंच सांगते: पासवर्ड बदलू नका, पडद्यावर काय आलंय त्याचा फोटो पाठवा. पासवर्ड चुकला की विंडोज तसं सरळ सांगतं. खात्यावर निर्बंध, म्हणजे कुठून, केव्हा किंवा कसं लॉगिन करायचं याचं बंधन, असेल तर संदेश वेगळा असतो. तो आला असेल तर दहा वेळा पासवर्ड बदलून काही होत नाही, उलट चुकीच्या प्रयत्नांनी खातं लॉक होऊन बसतं.

हे मी चुकूनच शिकले. आमच्या हिशेब विभागातल्या एका ताईंचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून परत दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना लॉगिनच होईना. महिनाअखेर होती, ताई रडकुंडीला आलेल्या. मी दोनदा पासवर्ड रीसेट केला. संदेश मात्र तोच: तुमच्या खात्याला हा पीसी वापरायला मनाई आहे, दुसरा वापरून बघा. शेवटी लॉगिनच्या पडद्यावर 'अदर यूजर' निवडून खालच्या दुसऱ्या डोमेनविषयीच्या दुव्यावर क्लिक केलं (डोमेन म्हणजे सर्व्हरवरून एकत्र सांभाळले जाणारे ऑफिसचे कॉम्प्युटर आणि खाती). तिथे त्या मशीनचं नाव दिसतं, आणि ते नवंच होतं! ताईंच्या खात्यात अॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीतल्या) 'लॉग ऑन टू'च्या यादीत, म्हणजे कोणत्या मशीनवर लॉगिन चालेल त्या यादीत, जुनं नाव होतं. यादीत नवं नाव घातलं आणि लॉगिन झालं.

ही यादी बघायला सर्व्हरवर जावंच लागतं असं नाही. डोमेनमधल्या दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नेट यूजर', पुढे खात्याचं नाव आणि शेवटी 'स्लॅश डोमेन' टाइप करा. कोणती वर्कस्टेशन्स, म्हणजे कॉम्प्युटर, चालतात, कोणत्या वेळेत लॉगिन करता येतं, खातं चालू आहे का, मुदत कधी संपते, सगळं एका पडद्यावर येतं. संदेशात वेळेच्या निर्बंधाचा उल्लेख असेल तर इथेच उत्तर सापडतं. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे एका मशीनवरून दुसरं दुरून चालवायला, जोडत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (जोडणी पूर्ण होण्याआधीच ओळख तपासणं) चालू असेल तर ज्या मशीनवरून जोडताय त्याचंही नाव या यादीत लागतं.

संदेश मोघम असेल, म्हणजे नुसतंच 'अकाउंट रिस्ट्रिक्शन्स' वगैरे, तर अंदाज बांधत बसू नका. ज्या मशीनवर अडलं त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) सिक्युरिटी लॉगमधली ४६२५ क्रमांकाची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, नोंद उघडा आणि स्टेटस व सबस्टेटसचे कोड बघा. कोडच्या शेवटी ६एफ असेल तर वेळ, ७० असेल तर वर्कस्टेशन, ७२ असेल तर खातं बंद केलेलं, २३४ असेल तर लॉक झालेलं. १५बी दिसलं तर त्या पद्धतीने लॉगिन करण्याचा हक्कच नाही.

हे १५बी प्रकरण सगळ्यात जास्त घाम काढतं. पडद्यावर संदेश येतो की ही साइन-इनची पद्धत चालणार नाही, नेटवर्क अॅडमिनिस्ट्रेटरला भेटा. कारण 'यूजर राइट्स असाइनमेंट'मध्ये असतं: 'अलाउ लॉग ऑन लोकली' (मशीनसमोर बसून लॉगिन कुणाला चालेल) आणि 'डिनाय लॉग ऑन लोकली' (कुणाला चालणार नाही). दोन्हींत नाव असेल तर डिनाय जिंकतं. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या पॉलिसींमधल्या (डोमेनमधून मशीनवर लागू होणारे नियमांचे संच, म्हणजेच जीपीओ) याद्यांची बेरीज होत नाही. जी पॉलिसी शेवटी लागू होते तिचीच यादी उरते. डोमेनच्या पॉलिसीत 'यूजर्स' हा गट असला आणि खालच्या ओयूच्या (डोमेनमधल्या उपविभागाच्या) पॉलिसीत कुणी फक्त 'अॅडमिनिस्ट्रेटर्स' लिहिलं, की त्या ओयूतल्या मशीनवरून बाकी सगळे बाहेर. कुणाची पॉलिसी जिंकली ते शोधायला त्या मशीनवर अॅडमिनच्या हक्काने 'जीपीरिझल्ट स्लॅश एच' आणि पुढे अहवालाच्या फाइलचं नाव देऊन अहवाल काढा आणि 'विनिंग जीपीओ' या रकान्यात नाव वाचा. डिनायमध्ये गट असेल तर त्याच्या आतले गटही उघडून बघा, माणूस बहुधा तिसऱ्या पायरीवर सापडतो.

निर्बंध सापडला म्हणून लगेच काढू नका. तो कुणीतरी विचार करून लावलेला असू शकतो. ज्याने लावला त्याला आधी विचारा, आणि एका माणसासाठी सगळ्यांची पॉलिसी सैल करण्यापेक्षा त्याला योग्य गटात घाला.

बदल केल्यावर त्या मशीनवर 'जीपीअपडेट स्लॅश फोर्स' चालवा, नाहीतर पॉलिसी आपणहून ताजी व्हायला ९० मिनिटं आणि वर ३० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या मशीनवर अॅडमिनलाही लॉगिन होत नसेल तरी घाबरू नका. जीपीओ सर्व्हरवरून दुरुस्त करा आणि मशीन चालू व नेटवर्कला जोडलेलं ठेवा. कॉम्प्युटरची पॉलिसी कुणी लॉगिन न करताही लागू होते.